एकशे तीन

गेल्या ऑक्टोबरात मी बसवलेलं मागचं डावं चाक
सल्लाच्या रस्त्यावर कुरकुरायला लागलं.
मला वाटलं, रेडिओ.
आउने म्हणाली, थांबव.
पाचपैकी तीन नट
मी नुसत्या बोटांनी फिरवू शकलो.

चाळीस वर्षं टपालाची गाडी हाकली,
चाळीस वर्षं नट आवळले अंदाजानं.
मनगटात एक जागा होती,
तिथे लोखंड म्हणायचं, बास.
औषधांनी ती जागा नेली.
गाठ गेली, केस परत आले,
बोटांची टोकं तेवढी आली नाहीत.
शर्टाचं बटण आता आरशात बघून लावतो.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
माझं उलटं झालं,
सुंभ शाबूत आहे.

म्हणून यंदा कुसामोच्या दुकानात उभा.
येरे नावाचा पोरगा, मिसरूड नुकतंच फुटलेलं,
काचेवर तीन टॉर्क पाने मांडतो.

पहिला काट्याचा.
दांडी वाकते, काटा सरळ राहतो,
पट्टीवरचा आकडा आपण वाचायचा.
बिघडण्यासारखं त्यात काहीच नाही.
पण वाचायला मान वाकडी करून
डोकं चाकाशी न्यायचं,
आणि आमच्याकडे या दिवसांत
दुपारच्या कॉफीपुरताच उजेड.

दुसरा बॅटरीचा. आकडा झळकतो, वर शिट्टी.
किंमत ऐकून मी टोपी घातली.
उणे वीसला चालेल का, तरी विचारलं.
पोरगा खरं बोलणारा निघाला:
मधेमधे कोटाच्या आत धरा, ऊब द्या.
चार चाकं, वीस नट,
आणि काखेत पाना.

तिसरा खटक्याचा.
मूठ फिरवून आकडा लावायचा,
तेवढा पीळ भरला की आत काहीतरी सुटतं: खट्.
हाताला धक्का, कानाला आवाज.
चाळीस ते दोनशे, येरे म्हणाला, चाकांना बरोबर.
स्पार्क प्लगला लावू नका, आटे जातील,
त्याला धाकटा वेगळा मिळतो.
काम झालं की आकडा खाली आणून ठेवा,
ताणलेली स्प्रिंग हळूहळू खोटं बोलायला लागते.
आणि यानं नट सोडवू नका. कधीच.
(सोडवायला माझा जुना पाना आहे, आणि पाय.)

धक्का मला कळेल का, हे मी विचारलं नाही.
गिऱ्हाइकांसाठी शेगड्यात एक बोल्ट धरून ठेवला होता.
ओढलं. काही नाही.
आणखी ओढलं.
झालं, येरे म्हणाला. दोनदा झालं.
मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला,
टोपीचे कान खाली आहेत तुमचे.

टोपी काढली.
खट्.

शेडच्या दारात आउने, दोन कप घेऊन.
गाडीच्या पुस्तकात लिहिलंय एकशे तीन.
एकशे तीनच का, ती विचारते, शंभर का नाही?
कुणीतरी मोजलं असेल.
चांदणी काढावी तसं एकाआड एक,
उणे चारात, उघड्या कानांनी.
खट्. ऐकलं, ती म्हणते.
मीही ऐकलेलं असतं, पण सांगत नाही.
डॉक्टर बोलायचे तेव्हा तीच ऐकायची,
मी खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या मोजायचो.

ऐकलं.
ऐकलं.
हा जरा हळू होता, पण ऐकलं.

पन्नास किलोमीटर झाले की पुन्हा तपासायचे.
तिच्या बहिणीचं गाव साधारण तेवढंच,
उद्या जाऊ, पाना डिकीत राहू दे.
आकडा चाळीसवर आणून मी पेटी मिटतो,
कप दोन्ही हातांत धरतो,
आणि कॉफी गरम आहे की गेली
ते ओठांना विचारतो.