खोगीरभरती

स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं मांडलंय,
आणि शेजारी मासे तोलायचा काटा.
चार चढकाठ्या : दहा पौंड आणि वर नखभर.
पाय रोवायची फळी : सात.
दोर, कड्या, पट्टे.
धनुष्य वेगळं.
मी वेगळी : वय त्रेपन्न,
डावा गुडघा उतारावर बोलतो.

जंगल सरकारी. सकाळी नेलंत
ते रात्री परत न्या, झाडावर काही ठेवू नका,
खिळा तर नाहीच नाही.
आणि हरणांनी तरी कुठे कुणाला शब्द दिलाय?
ओकची फळं पडली तिथे ती,
आज पाणथळीच्या काठाला, परवा टेकडीमागे.
त्यांच्या मागे जायचं तर घर पाठीवर हवं
गोगलगायीसारखं,
आणि आवाजही तिच्याइतकाच.

ड्वेन हाइकिनेननं दुकानात
गादीचं आसन काढून दाखवलं,
पेला ठेवायला खाचसुद्धा होती त्याला.
"तुझ्यासारखी काटक बाई हे हसत उचलेल, इर्या."
हरभऱ्याच्या झाडावर चढवतात ते हे असं.
मला मॅपलच्या चढायचं होतं.
उचललं. एकवीस पौंड.
हसू आलं नाही.

इसाला,
म्हणजे आमच्या वडिलांना, असलं काही लागलं नाही.
घरामागच्या मॅपलला साठेक खिळे ठोकून
त्यानं मचाण बांधलं
आणि तीस हिवाळे त्याच झाडावर बसला.
हरणं यायची कधी कधी.
बहुतेकदा नाही यायची,
मग तो म्हणायचा, येतील.
फळ्या कुजून पडल्या, खिळे झाडानं गिळले,
वर साल चढली, कुणाला ठाऊक राहिलं नाही.
तो गेल्यावर आम्ही झाड विकलं, तेव्हा
गिरणीवाल्यानं ओंडका परत पाठवला.
पहिल्याच फेरीत पात्याचे अकरा दात गेले होते.
सोबत बिल,
आणि बिलाला चिकटवलेला एक खिळा.

शेवटी मी खोगीर घेतलं.
खोगीर म्हणजे कमरेखाली जाळीचा झोळ,
झाडाला दोर, दोराला आपण,
खोडाकडे तोंड करून रेललेले.
हरीण या बाजूनं आलं की आपण त्या बाजूला,
लहान मूल आईच्या पायांमागे सरकतं तसं.
अंगणातल्या बर्चवर, जमिनीपासून दोनच फूट, सराव केला.
जीव टांगणीला लागणं मला तोवर
दवाखान्याच्या बाकड्यावरचं माहीत होतं.
इथे तो खरोखरच टांगला,
आणि गप्प झाला.

खोगीर आलं, आता खोगीरभरती काढायची.
चौथी काठी गेली; तिच्या जागी पायात अडकवायला
दोराचा फास, मुठीत मावणारा.
दुसरा चाकू गेला. पेला गेला.
काठ्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली,
नाहीतर लोखंडाला लोखंड लागतं, टिण्ण,
आणि पाणथळीपर्यंत सगळ्यांना
इर्या आल्याचं कळतं.
जमिनीवरून पाय सुटायच्या आधी झाडाला बांधायचा दोर
मात्र तोललाच नाही.
त्याचं वजन असेल ते असो.

पिशवीच्या तळाशी तो खिळा निघाला.
मीच ठेवला असणार.
काट्याला लावला, काटा हलला नाही.
तरी काढला,
चमच्यांच्या खणात टाकला.

काल पहिला दिवस.
अठरा फुटांवर, वाऱ्याकडे तोंड,
पानं पडताना ऐकत चार तास.
उजेड जाता जाता एक मादी आली, मागे तिचं पाडस,
पाऊणशे पावलांवर,
बाणाच्या टप्प्याच्या चांगलीच पलीकडे,
आपल्या कामात.
मग उतरले. उतरताना वरची काठी सोडवायची,
मग मधली, मग खालची.
गुडघ्याला जे बोलायचं होतं ते तो बोलला.
खाली उभी राहून बॅटरी मारली :
नुसती साल.
एवढा वेळ मी कुठे होते,
झाडाला विचारूनही कळलं नसतं.

उद्या पाऊणशे पावलं पुढचा बीच.