दोन पिक्सेल आत

खुलन्यात, रूपशा नदीजवळ, चौथ्या मजल्यावर
रात्रपाळीला आम्ही अकरा जण खुर्च्या कापतो.
खुर्च्या डेन्मार्कच्या. सकाळी सहाच्या आत
चारशे, मागे नुसतं पांढरं.

इद्रिसभाई नव्यांना पहिल्याच रात्री सांगतात:
जादूची कांडी एकदा फिरवून बघा, मग विसरा.
पांढरी भिंत, पांढरी उशी, तिला दोन्ही एकच.
तिची अक्कल रंगापुरती.
लासो म्हणजे हाताची थरथर, जशीच्या तशी;
चहा जास्त झाला की कडेला दिसतो.
आणि सिलेक्शनभोवती आपोआप रेघ मारून घेतलीत
तर कोपरे झिजतात,
खुर्ची आठ दिवस वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी.

उरतो पेन.
एक बिंदू, मग दुसरा,
दुसऱ्याला धरून ओढायचं, तेव्हा मधली रेघ वाकते.
किती ओढायचं, इथं भाई गप्प होतात.
नुसता हात दाखवतात.
बिंदू जितके कमी तितकी रेघ खरी.
खुर्चीच्या पहिल्या पायाला मला एकेचाळीस लागले होते.
आता चार.

आणि कड दिसते तिच्या दोन पिक्सेल आतून जायचं,
नाहीतर मागचं जग चिकटून येतं.

काल तीनला वीज गेली, आली.
रोमेना म्हणाली, इकडे ये.
दोनशे बाराव्या खुर्चीच्या पाठीवर
एक हात.
कुणीतरी ती सरळ धरली असणार
आणि फोटो निघताना सोडायला विसरला.
नखांत पॉलिश. अंगठ्याला चिकटपट्टी.

सूचना स्पष्ट: फक्त खुर्ची.
बोटांच्या जागी लाकूड भरायचं, शेजारून उचलून.
रोमेनानं भरलं. रेषाही जुळवल्या लाकडाच्या.
मग घड्याळाकडे बघून
मूळ फोटोवर दुसरा पाथ काढला, हाताभोवती.
पेननं. सत्तावीस बिंदू.
चिकटपट्टीचं सुटलेलं टोकसुद्धा घेतलं.
दोन पिक्सेल आत गेली नाही,
अगदी कडेवरून.
थोडी भिंत आली बरोबर.
येऊ दे, म्हणाली.

सकाळी फाईल गेली.
पाथ एक: खुर्ची.
पाथ दोन: नाव नाही.
तिकडे कोण उघडून बघणार,
पाथ छापला जात नाही, त्याला रंगच नसतो.

खाली उतरलो. घाटावर झालमुरी घेतली.
रोमेना कागदाच्या पुडीत बोटं घालून
तळाचे शेंगदाणे शोधत होती,
आणि मी तिच्या हाताची कड बघत होतो.

चार बिंदूंत जमणार नाही.