सातवा तुकडा

जूनमध्ये इथे रात्र उशिरा पडते
आणि लवकर उठते.
त्या मधल्या चार-पाच तासांत
अख्खी काउंटी धावत होती.

मी दुभाषा. ॲथरली साहेबांच्या टेबलाच्या डाव्या अंगाला
उभं राहायचं, त्यांचा प्रश्न आयरिशमध्ये सांगायचा,
समोरच्याचं उत्तर इंग्रजीत.
दिवसाला दीड शिलिंग.
खोकला ज्याचा त्याचा, तो भाषांतरात येत नाही.

पहिली साक्ष : ओनोरा मल्रूनी, विधवा, वय माहीत नाही.
पाय गुडघ्यांपर्यंत चिखलाने काळे.
ओच्यात मातीचा तुकडा,
दलदलीतून कापून वाळवलेली, सगळ्यांच्या चुलीत जळते तीच.
एक कोपरा करपलेला.

कोणी दिला?
पलीकडच्या घराने.
त्यांना?
त्यांच्या पलीकडच्याने.
हुकूम काय होता?
सात तुकडे करायचे, सात घरी द्यायचे,
अजून पोचलं नसेल अशा.
दारात थांबायचं नाही.
तीनदा नमो मारिया, आणि माघारी.
कशासाठी?
पटकी येऊ नये म्हणून.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली.
"पटकी," ते म्हणाले, "असं यांना सांगितलंय."
कॉन्स्टेबल क्रॉलीने उठून
खिडकीची खिट्टी लावली.

मग कागदावर गणित.
सात. सात साते एकोणपन्नास.
तीनशे त्रेचाळीस.
पुढच्या आकड्याला हात अडला, पण त्यांनी तो मांडला :
दोन हजार चारशे एक.
उजाडायच्या आत. बिगुल नाही, घोडं नाही, पगार नाही.
साहेब स्वतः पलटणीत होते. त्यांना ठाऊक होतं
शंभर माणसं एका दिशेने चालवायला
किती शिव्या लागतात.

त्यांना हसू नका.
गेल्या हिवाळ्यात त्यांच्या चर्चच्या दशमांशापायी
मल्रूनीबाईचीच गाय जप्त झाली, लिलावाला उभी केली;
चाळीसजण भोवती, टोप्या डोक्यावर,
कोणी बोली लावली नाही.
गाय तेवढी हंबरली.
त्याच आठवड्यात गवताची गंजी पेटली,
आणि साहेबांच्या फाटकावर चिठ्ठी,
खाली शवपेटीचं चित्र, बऱ्यापैकी काढलेलं.
ते अक्षर माझ्या ओळखीचं आहे.
त्याचं भाषांतर कोणी मागितलं नाही.

"पुन्हा विचार. म्होरक्या कोण?"
मी विचारलं.
बाई माझ्याकडे बघत राहिली, साहेबांकडे नाही.
"आजार," ती म्हणाली.
मी तसंच सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

संध्याकाळी डब्लिनच्या किल्ल्याला पत्र गेलं.
साहेब सांगत होते, मी उतरवत होतो :
परिस्थिती शांत आहे, आणि म्हणूनच चिंताजनक.
घोडदळाची एक तुकडी, शक्य तितक्या लवकर.
तुकडीखाली त्यांनी रेघ मारायला लावली.
मल्रूनीबाईचा तुकडा
पुरावा म्हणून लाखेने मोहोरबंद झाला.
खोलीत दोन्हीचा धूर : लाखेचा आणि मातीचा.

घरी आलो. दार नुसतं लोटलेलं.
एली काही बोलली नाही. तिच्या पावलांना ओला चिखल,
आणि चुलीपाशी एकच तुकडा उरलेला,
माझ्या ताटाजवळ, भाकरी ठेवावी तसा.
"सहा झाली," ती म्हणाली.
"सातवं घर आसपास राहिलं नाही."

एक राहिलं होतं.

दीड मैल. मी बूट काढून धावलो,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
साहेबांचं कुत्रं मला ओळखतं, भुंकलं नाही.
वर त्यांच्या खोलीत दिवा जळत होता.
मागचं दार वाजवलं. स्वयंपाकीण आली,
माझ्या हाताकडे पाहिलं,
आणि ॲप्रनचा खिसा उघडून दाखवला.
"तू चौथा," ती म्हणाली. "जा आता."

पूर्वेकडे फटफटत होतं.
मी फाटकाबाहेर, अनवाणी,
हातात अजून गरम तुकडा,
आणि कुठलं घर ते सुचेना.