एकविसावा टाका

निखारेबाईंनी माझा चौकोन उजेडाकडे धरला
आणि हसू दाबत म्हणाल्या,
"हा तं समोसा होऊन राहिला, जी."

चार दिवसांत आठ ओळी.
खाली एकवीस टाके, वर तेरा.
मधले आठ कुठे गेले, मला खरंच माहीत नव्हतं.

तांडापेठेतली दुपार. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास.
बंद हातमागावर उशांच्या खोळी वाळत घातलेल्या.
"याले मुका खांब म्हणतात," त्या म्हणाल्या.
तीस वर्षं मी खांबांवर चढलो,
मुका खांब पहिल्यांदाच ऐकत होतो.

"शेवटचा टाका साखळीच्या आड लपते.
दिसत नाही, म्हणून तुमी वळता.
वळायच्या आधी मोजा. दर ओळीले मोजा.
आन् पाया काहून इतका आवळला?
सुई घुसत नाही त्याच्यात."

मी म्हटलं, सवय. सैल तार म्हणजे साहेबांचा मेमो.
"थंडीत तुमची तार आखडत नाही?"
आखडते. तुटू नये म्हणून
मे महिन्यात ओढतानाच सूट ठेवतो.
"मंग?"
मग काही नाही.

त्यांनी सुई काढली, टोक ओढलं.
सर्रकन आठही ओळी, पायासकट,
फरशीवर शेवयांसारख्या कुरळ्या.

माझा हात आपोआप पुढे झाला, थांबवायला.
आमच्याकडे मागे येत नाही काही.
कळमन्याच्या फीडरवर भोजराज चढला
तेव्हा कुणीतरी खालून सांगितलं होतं, लाइन बंद आहे.
कुणीतरी म्हणजे मी.
त्याचा उजवा हात आता कोपरापर्यंतच.
भेटला की डाव्या हाताने चहा पुढे करतो,
पोरीच्या लग्नाचं बोलतो.

बाईंना यातलं काही ठाऊक नाही.
त्या दोरा गुंडाळत होत्या.
"हा लगेच विणू नका. त्याले आधीचं आठवते.
रातभर ओल्या फडक्यात राहू द्या.
आन् पायाले एक नंबर मोठी सुई घ्या."

घरी आलो. जुन्या पिशवीतून लाल वायर काढली,
नखाएवढे दोन तुकडे केले.
एक पहिल्या टाक्यात, एक शेवटच्या.

अठरा. एकोणीस. वीस.
विसाला मनगट वळू लागतं.
थांबतो.
चष्मा वर करून लाल शोधतो.