पाच पॉइंट एक

जावयानं नवा घेतला, म्हणून जुना इकडे आला.
पाच डबे, एक ठोकळा, वायरींचा गुंता,
रिमोट नाही.
ऐरोली, सेक्टर सात, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
ठोकळा एकटाच चौदा किलोचा.
"काय भरलंय यात?" शिवथरेकाकूंनी विचारलं.
हवा, मी म्हटलं.
ती ढकलायची, एवढंच काम असतं त्याला.

वायर दातांनी सोलू नये. मी सोलतो.
तांब्याला पीळ द्यायचा, एक केस बाहेर राहता कामा नये,
लाल लालमध्ये, काळी काळीत.
उलटी लागली तरी जळत काही नाही,
फक्त पडद्यावरचा माणूस मधोमध उभा असतो
आणि त्याचा आवाज भिंतींतून येतो,
कुणाचाच नसल्यासारखा.

सब कुठं ठेवायचा याची एक रीत आहे.
त्याला सोफ्यावर बसवायचं, माणसाच्या जागी,
खर्जातलं काहीतरी लावायचं
आणि आपण रांगायचं, कान जमिनीलगत.
टीव्हीखाली नुसता घुमला.
देवघरापाशी काहीच नाही, पायरी चुकावी तसं.
शिलाई मशीन आणि कपाट यांच्या बेचक्यात
एकदम गोळीबंद लागला, थेट पोटात.
"इथंच," मी गुडघ्यांवरून म्हणालो.
काकू पदर तोंडाशी धरून हसत होत्या.
"आमचा नातू रांगत इथंच येऊन बसायचा.
आम्हाला वाटायचं, मशीन आवडतं त्याला."

मग माइक. कानांच्या उंचीवर,
तीन स्टीलचे डबे रचून, वर फडक्याची घडी.
पंखा बंद. कुकर बंद. कुणी बोलायचं नाही.
एकेका डब्यानं आपापली शीळ घातली,
मशीननं अंतरं सांगितली.
डावा दोन मीटर दहा, उजवा दोन वीस,
सब सहा मीटर,
अख्खी खोली साडेतीनची असताना.
तसंच असतं, काकांना सांगितलं,
तो पोचतो उशिरा, म्हणून मशीनला लांबचा वाटतो.
बाकी सगळं जुळलं. माइकच्या मते.

डेमोतले घोडे सोडले, डावीकडून उजवीकडे.
काका मन लावून ऐकत राहिले, मग म्हणाले,
"घोडे अर्ध्या वाटेवरनंच निघतात रे."

डावा दोनानं चढवला. चारानं. सहानं.
काकूंनी कान झाकले.
काका तसेच, उजवा गाल किंचित पुढे.
"रबाळ्याला हॅमर होता आमचा. दीड टनी.
एकतीस वर्षं माझ्या डाव्या हाताला."
भाजी काय आणायची सांगावं, तसं सांगितलं.

काकू डावीकडेच बसलेल्या.
सोफ्याचा तो कोपरा त्यांच्या मापाचा झालेला.
मी म्हटलं, काकू, तुम्ही या बाजूला बसा,
तुमचं बोलणं त्यांना कळेल तरी.
टीव्हीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या,
"ठाऊक आहे मला. म्हणून तर इथं बसते.
काय काय बोलायचं असतं माणसाला."

डावा परत शून्यावर आणला.
कुठलाच आकडा खरा नव्हता.
सब तेवढा थोडा वाढवला,
तर काकांनी चपला काढल्या, तळवे फरशीला टेकवले,
"हा येतोय," म्हणाले, पायांकडे बघत.
"हा ओळखीतला आहे."

सगळं बंद केलं तरी ठोकळा बारीक गुणगुणत होता.
बिल्डिंगचं अर्थिंग धड नाही.
म्हटलं, शनिवारी एक पार्ट आणून घालवतो हे.
काकांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.
काकू वाकल्या, मशीनवर हात ठेवून ऐकत राहिल्या.
"घाई नाही," त्या म्हणाल्या.
"कुणीतरी हुंकार देतंय, देऊ दे."

चारशे ठरले होते, पाचशे दिले, वर डब्यात चकल्या.
दुसऱ्या मजल्यावर दार उघडं,
उंबऱ्यात एक बाई, केसांना टॉवेल,
"घोडे तुमचेच का?"