माध्यम

कॅम्पातून दस्तगीरमामू थर्मास देतो,
आत शेळीची अंडाशयं, कोमट.
"बेग होगु, ताई. थंड होतंय."
खडेबाजारातून स्कूटी; थर्मास पोटाशी.

भिंगाखाली दोन सुया.
खसखशीहून बारीक पुटिका सोडवायची
आई निपाणीत तंबाखूची शीर काढते तशी,
पान न फाटू देता.

तेलाखाली थेंब, थेंबात एकच.
दर दोन दिवसांनी माध्यम बदलायचं.
(बेळगावात हा शब्द हळूच.
माझ्या शाळेचं चौथीत बदललं.)
उपसलेलं तपासायचं.

शरीर नाही, रक्त नाही, माज कुणाला यायचा?
तरी सहाव्या दिवशी
इस्ट्रोजेनचा आकडा चढला.

नवव्या थेंबातली काळवंडली.
तेही लिहिलं.

थर्मास विसळून ठेवला.
पहाटे मामूचा फोन:
"आज दोनच बकऱ्या."