ताशी वीस

काल्यूने फाटकाशी हात आडवा धरला,
कानटोपी वर सारून काचेतून आत डोकावला:
पट्टा सोड. दाराला कुलूप नको.
पुढची गाडी ठिपका होईस्तोवर थांब.
आणि वेग वीस. फार तर पंचवीस.
त्यावर गेलीस की बर्फ तडकतो, तुला सांगायला नकोच.

विर्वेला माहीत आहे.
बेटावर जन्मलेल्या कुणालाही माहीत असतं:
चाकांखाली हातभर बर्फ, त्याखाली पाणी,
आणि पाण्यात गाडीच्या पायात पाय घालून
धावत सुटलेली एक लाट.
बाबा म्हणायचे, समुद्र झोपलाय,
पांघरूण त्याचं आहे, आपण नुसते वरून चाललोय.

मागच्या सीटवर काळा पाव, थर्मास,
आईच्या औषधांची यादी.
खिशात फोन. फोनमध्ये आइवारचा निरोप, साडेसातचा:
बाबांची होडी विकतोय. गिऱ्हाईक आलंय. हो की नाही?

उत्तर तिने धक्क्यावर उभ्या उभ्या लिहिलं होतं.
उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणत पूर्वी;
आता उचलला अंगठा, लावला काचेला.
सहाच शब्द. त्यातला चौथा असा
की भाऊ पुन्हा उंबरा चढला नसता.
पाठवणार, तोच काल्यूने हात केला: निघ.

सव्वीस किलोमीटर. दोन्ही हात चाकावर.
वाट दाखवायला बर्फात रोवलेल्या ज्युनिपरच्या फांद्या,
एक मागे पडली की पुढची दिसते,
पुढचीच्या आधी तिच्यानंतरची मागून मिळत नाही.

पहिली पंधरा मिनिटं ती नुसती भांडली.
आधी मनात, मग मोठ्याने. काचेवर वाफ धरली.
दर वसंतात होडीला डांबर कोण फासत होतं?
बाबांच्या उशाशी कोण होतं?
तू होतास तार्तूत, गरम खोलीत, मोजे काढून!
रागाने पाय जड होतो.
काटा अठ्ठावीसवर सरकला
आणि खालून आवाज आला,
जुन्या कपाटाचं दार कुणी
लांबवर, फार सावकाश उघडावं तसा.

तिने पाय उचलला.
श्वासही.

मग बराच वेळ काही नाही.
पांढरं. पांढऱ्यावर राखाडी.
दूर एक कोल्हा, की कुत्रा,
आडवा चालला होता, गाडीकडे न बघता.

गेल्या वर्षी एका दमात तिने रात्रपाळीला हो म्हटलं,
एका दमात लाल कोट घेतला, जो अजून खांद्यात आवळतो,
एका दमात मांजर देऊन टाकलं.
कोटाचं काही नाही.
मांजराचं अजून लागतं.

विसाव्या किलोमीटरला, का कोण जाणे,
तिला नऊ वर्षांचा आइवार आठवला,
त्याच होडीतून पडलेला, ओढून वर काढलेला,
नाकातोंडातून पाणी, ओठ निळे,
आणि बाबा हसत होते.
तीही हसली होती.
त्यानंतर तो होडीत बसल्याचं तिला आठवेना.
कदाचित विकणं वेगळं असेल, सुटणं वेगळं.
कदाचित त्याला फक्त पैसे हवे असतील.
बर्फावरून दोन्ही सारखंच दिसत होतं.

पलीकडच्या काठाला चाकांना डांबर लागलं
आणि गाडी आपसूक पळायला बघू लागली.
तिने ती बाजूला घेतली.
पावाचा तुकडा मोडला, चावून खाल्ला.
सहा शब्द पुसले, एकेक अक्षर,
चौथ्याशी थोडं थांबून.
लिहिलं: किती देतोय?
तेही पुसलं.
लिहिलं: रविवारी येते. आधी दोघं मिळून होडी बघू.
घोटभर चहा घेतला, थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं,
मग पाठवलं.

औषधांच्या दुकानात रांग होती.
अंधाराआधी तिला परत फाटक गाठायचं होतं.
पुढच्या म्हातारबाबांना चष्मा सापडत नव्हता;
हा खिसा, तो खिसा, पुन्हा हा.
विर्वेने त्यांची पिशवी धरली
आणि उभी राहिली.